वेष्टन बदलून पाठ शुद्ध होत नाही

प्रबंधांची सूची संगणकावर गेली की मराठीच्या अध्यापकांचा तिच्याशी संबंध संपतो, असा सोयीस्कर समज आपण करून घेतला आहे. ‘ते तांत्रिक काम आहे’ हे या समजाचे कवच. त्या कवचाआड सूचीच्या मुळावरच घाव पडू शकतो. म्हणून हा प्रतिवाद.

शोधगंगा ज्या डीस्पेस प्रणालीवर उभी आहे, तशा भांडाराखाली पोस्टग्रेससारखा डेटाबेस असतो. त्यात दोन प्रकारचे तक्ते असतात. एकात आपली माहिती: लेखक, शीर्षक, वर्ष. दुसऱ्यात डेटाबेसने स्वतःविषयी ठेवलेल्या नोंदी: कोणते तक्ते आहेत, रकाना कोणत्या प्रकारचा, मजकूर कोणत्या संकेतनात साठवला आहे. हीच सिस्टीम टेबल्स. मराठी अक्षरे विस्कटली की काही जण या दुसऱ्या तक्त्यात शिरतात, संकेतनाच्या जागी परस्पर ‘यूटीएफ-८’ अशी नोंद करतात आणि काम झाले म्हणतात.

झाले काय? नोंद बदलली, मजकूर होता तसाच राहिला. रीतसर आज्ञा बदलापूर्वी परस्परावलंबन तपासते. हा आडमार्ग ती तपासणीच टाळतो. वर्णक्रमाची नोंद अशी बदलली, तर जुन्या क्रमाने रचलेली अनुक्रमणी खोटी ठरते. प्रबंध भांडारात असतो, पण शोधल्यावर मिळत नाही. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हरच्या २००५ च्या आवृत्तीपासून थेट बदलाची ही वाट बंद केली, ती उगाच नव्हे.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हे परके का वाटावे? शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्या शोधनाची नोंदही ठेवली. पोथीचे वेष्टन बदलून त्यावर ‘शुद्ध प्रत’ एवढेच लिहिले नाही. डेटाबेसचाही शास्त्रशुद्ध मार्ग हाच: संपूर्ण प्रत बाहेर काढावी, मूळ संकेतन ओळखून रूपांतर करावे, नव्या डेटाबेसात भरावी, नोंदी ताडून पाहाव्यात. वेळ लागेल, लागू द्यावा. आणि मराठी नोंदी ताडण्याचे काम आपल्याखेरीज कोण करणार?

मुरुडच्या विद्यार्थ्याला लातूर-नांदेडच्या ग्रंथालयांत वारंवार खेटे घालणे परवडत नाही. पूर्वसूरींचा प्रबंध त्याला पडद्यावरच भेटणार. तो सापडला नाही, तर ‘या विषयावर पूर्वी संशोधन झालेले नाही’ असे तो प्रामाणिकपणे लिहील. आणि मार्गदर्शक म्हणून आपण त्याखाली सही करू.