हरवलेल्या टपालाची किंमत ९४ रुपये?



‘पार्सल हरवले तर काय कराल?’ ही आपल्या पुरवणीतली चौकट वाचली आणि चीड आली. पावती जपून ठेवा, खोक्याचा फोटो काढा, ट्रॅकिंग क्रमांक लिहून ठेवा, मुदतीत तक्रार करा, विमा उतरवा. सगळे सल्ले पाठवणाऱ्याला! ज्याच्या ताब्यातून वस्तू गेली त्याने काय करायचे, यावर एक ओळ नाही. सल्ले चुकीचे नाहीत, पण ते तंतोतंत पाळणाऱ्याच्या हाती शेवटी काय पडते, तेही छापायला हवे होते. स्पीड पोस्टाने पाठवलेली वस्तू गहाळ झाली तर भरपाई मिळते ती भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा एक हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरांप्रमाणे पन्नास ग्रॅमपर्यंतचे पाकीट वाकडहून नागपूरला किंवा दिल्लीला पाठवायला ४७ रुपये पडतात, जीएसटी वेगळा. पाकिटात मूळ पदवी प्रमाणपत्र असो की सह्या झालेला करारनामा, ते हरवले की खाते ९४ रुपये देऊन मोकळे. २०२५ मध्ये रजिस्टर टपालही स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, त्यामुळे पूर्वी ‘रजिस्टर करून टाका’ म्हणून जे कागद पाठवले जात, तेही आता याच हिशेबात आले.

माझे म्हणणे एवढेच आहे की, भरपाई वस्तूच्या किमतीऐवजी भाड्यावर ठरते, तोवर हरवलेली वस्तू शोधण्यात वाहून नेणाऱ्याला काडीचा रस असणार नाही. ९४ रुपयांसाठी कोण टपाल कार्यालयातल्या पिशव्या उलगडून पाहील? जबाबदारी टाळण्याची ही सवलत इंग्रजांची. १८९८च्या टपाल कायद्यातल्या सहाव्या कलमाने टपाल हरवणे, चुकीच्या हाती पडणे, उशीर होणे आणि खराब होणे या चारही बाबतींत सरकारला जबाबदारीतून सोडवले होते. तो कायदा मोडीत काढून १८ जून २०२४ पासून नवा डाकघर अधिनियम लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमात तोच तोरा आहे : नियमांत लिहिली असेल तेवढीच जबाबदारी, बाकी नाही. कर्मचाऱ्याने फसवणूक केली किंवा मुद्दाम नुकसान केले तरच तो जबाबदार. मुद्दाम केले हे सिद्ध करायचे तर त्या नोंदी खात्याच्याच कपाटात. शिवाय टपाल चोरणाऱ्या कर्मचाऱ्याला सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची जुन्या कायद्यातली तरतूद नव्यात घेतलेलीच नाही, आता त्यासाठी सर्वसाधारण फौजदारी कायद्याचा दरवाजा ठोठावायचा.

खासगी कुरियर बरे, असे कोणी म्हणेल. पण १९९६ साली भारती निटिंग कंपनीच्या कुरियरविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, पावतीमागे छापलेल्या अटींवर सही केली असेल तर त्या अटी बंधनकारक आहेत. ग्राहकाच्या पदरात आधी पडलेली सव्वाचार लाखांहून अधिक रुपयांची भरपाई शंभर डॉलरवर आली. ट्रान्सपोर्टने माल पाठवणाऱ्यांचेही फार वेगळे नाही. भोसरी-चाकणमधला छोटा व्हेंडर जॉबवर्कचे नग बिल्टी करून पाठवतो, तेव्हा जास्त जोखमीचा वेगळा दर भरलेला नसेल तर रस्ते वाहतुकीच्या २०११च्या नियमांप्रमाणे भरपाई भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. आणि नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत दिली नाही तर दावाच संपला. गंमत अशी की, परराज्यात जाणाऱ्या ५० हजारांवरील मालाला ई-वे बिल लागते, म्हणजे खोक्यातल्या मालाची किंमत रुपयापर्यंत सरकारला ठाऊक असते. कर घेताना ती किंमत खरी आणि भरपाई देताना मात्र बिनकामाची, हा कुठला न्याय?

यावर ठरलेली हरकत येते : पूर्ण किंमत द्यायची तर दर आकाशाला भिडतील, लोक रिकामी खोकी पाठवून पैसे उकळतील. पूर्ण किंमत द्या, असे मी म्हणतच नाही. अमेरिकेचे टपाल खाते आपल्या प्रायॉरिटी मेलच्या दरातच शंभर डॉलरचा विमा देते, ते काही बुडालेले नाही. वस्तू शेवटची कुठे स्कॅन झाली आणि कोणाच्या ताब्यात होती, हे वाहून नेणाऱ्याने लेखी दाखवले तरच त्याला मर्यादित भरपाईचा आसरा मिळावा, दाखवता आले नाही तर जाहीर केलेली किंमत द्यावी. स्कॅनरची यंत्रणा बसवलेली आहे, ती फक्त दर आकारण्यापुरती वापरू नये. रिकाम्या खोक्यांचे म्हणाल तर टपाल बुकिंगच्या वेळी तोलले जाते. विमा वेगळा घ्यावा, हे उत्तर तर सर्वांत वाईट. नेमून दिलेले काम नीट करण्याची हमी ग्राहकाने पुन्हा विकत का घ्यावी? आता ओटीपी दाखवूनच टपाल हाती द्यायचे असेल तर पाच रुपये जादा आहेत. योग्य माणसाच्या हाती देणे ही जादा सेवा कधीपासून झाली?

तोवर करायचे काय? फोनवर वेळ घालवू नका, तक्रार लेखीच द्या. टपाल खात्याकडून दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर स्कॅनच्या नोंदी मागता येतात आणि तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. खासगी कुरियरला हा कायदा लागू नाही, हे पाठवण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. ऑनलाइन खरेदी असेल तर कुरियरच्या मागे लागूच नका, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला धरा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण दिले पाहिजे. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आता राहत्या जिल्ह्यातच दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. मात्र पावतीमागची अट मुळातच अन्यायकारक आहे, असे म्हणायचे असेल तर जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. दोन हजारांच्या पार्सलसाठी तिथवर कोण जाणार?

जाता जाता आमच्या भागाचेही. वाकड आणि हिंजवडी यांना ४११०५७ हा एकच पिन कोड. एकसारख्या नावांच्या सोसायट्या आणि पाट्या नसलेले रस्ते, यांत खोके गेटवरच्या सुरक्षारक्षकाकडे टाकून ‘डिलिव्हर्ड’ अशी नोंद करणे सोपे पडते. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणला, जागा चार मीटरच्या चौकोनापर्यंत नेमकी सांगणारा. महापालिकेला मात्र गल्लीच्या तोंडाशी नावाची पाटी लावता येऊ नये!

दहाव्या कलमातली जबाबदारी नियमांनी ठरते. त्यामुळे ९४ रुपयांचा हा हिशेब बदलायला नवा कायदा लागत नाही, केंद्र सरकारची एक अधिसूचना पुरे. मावळ आणि शिरूरच्या खासदारांनी ती येत्या अधिवेशनात मागावी.

– एक वाचक, वाकड