ऑर्डरी घेत नाही

हाताने काही केलं की आपल्याकडे कौतुकाची दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, "अय्या, घरी केलंस?" आणि लगेच दुसरं, "मग ऑर्डरी का घेत नाहीस?" मनगटातल्या मण्यांच्या ब्रेसलेटमुळे ही जोडगोळी मी सांताक्रूझ स्टेशनच्या जिन्यात ऐकली, वाकोल्याला भाजी घेताना ऐकली आणि दाताच्या डॉक्टरांकडेही ऐकली. तिथे तर तोंडात यंत्र असल्यामुळे उत्तर द्यायचीही सोय नव्हती. म्हणून ते इथे देते.

हातभर तंगूस घ्यायचं, त्यात चार मणी ओवायचे आणि चौथ्या मण्यातून दोन्ही टोकं समोरासमोरून आरपार काढून ओढायची. झालं एक घर. पुढच्या घराला तीनच मणी लागतात, कारण चौथा शेजारच्या घराचा. चाळीतल्या खोल्यांसारखी मधली भिंत सामाईक. रुखवतातली मोत्यांची तोरणं, ताटावर झाकायचे रुमाल, कृष्णाचा झोपाळा हे सगळं आपल्या मावश्या-काकूंनी याच चार मण्यांच्या हिशेबावर उभं केलं. सुईसुद्धा लागत नाही. अशी मनगटाएवढी पट्टी मालिका बघता बघता होते, आणि खरं तर हूक लावून तेवढीच घातली तरी कोणी नावं ठेवणार नाही.

पण मग नक्षीला हात शिवशिवतात. प्रत्येक घराच्या मध्ये एक पोकळी उरलेली असते. तिच्यात तिरका एक बारीक मणी बसवायचा, नंतर कडेने दर दोन मोठ्या मण्यांच्या फटीत 11 नंबरचा एकेक. (मण्यांच्या नंबरांचा कारभार उलटा आहे. 11 नंबर म्हणजे साधारण 2 मिलिमीटर, आणि 15 नंबर त्याहून बारीक.) इथे तंगूस उपयोगाचं नाही, केसासारखी सुई आणि नायलॉनचा दोरा हवा. एकेका मण्यातून दोरा तीन-चारदा जातो. भोक भरत आलं की सुई अडते, आपण जरा जोर लावतो आणि टिक् असा आवाज येतो. मणी फुटला. तोही कधी कडेचा नसतो. जपानी मणी महाग, पण मापाला एकसारखे आणि भोकाला मोकळे, त्यामुळे नक्षीला तेच बरे. उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचे काचमणी स्वस्त; त्यात एक जाडा, एक रोडका, म्हणून ताटलीत पसरून निवडून घ्यावे लागतात. मला त्या निवडण्याचाही कंटाळा येत नाही.

नक्षी नुसती मिरवायला असते असंही नाही. लुळी पडणारी पट्टी तिच्यामुळे अंग धरते. पण त्याबरोबर ती आवळतेही, म्हणून माप घेतानाच पट्टी सैल ठेवायची. हे सैल म्हणजे किती, ते कोणी सांगू शकत नाही. हाताला कळतं.

आता विकायचं म्हटलं तर पट्टीचे पैसे येतील. नक्षीचे कोण देणार? लेडीज डब्यात फेरीवाल्या बाईकडे त्याच भावात मूठभर ब्रेसलेटं मिळतात, आणि तीही कोणीतरी हातानेच ओवलेली असतात हे आपण सोयीने विसरतो. मालाड ही इमिटेशन ज्वेलरीची मोठी पेठ. तिथलं ओवायचं, चिकटवायचं काम घरोघरच्या बायकांकडे जातं आणि मजुरी बऱ्याचदा ग्रोसवर ठरते. ग्रोस म्हणजे 144 नग. अशा घरबसल्या मजुरीसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 मध्ये 177 क्रमांकाचा करार केला; भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. या बायकांच्या शेजारी बसून "हस्तकला" म्हणून चौपट भाव लावायला माझी जीभ रेटत नाही. आणि त्यांच्या भावाने विकायचं तर नक्षी सोडावी लागेल.

दागिन्यांच्या जगात सांताक्रूझचं नाव तसं मोठं आहे, फक्त पत्ता चुकीचा. 1973 साली सुरू झालेल्या 'सीप्झ'मधला पहिला 'एस' आमचा, वसाहत मात्र अंधेरीला. नावात इलेक्ट्रॉनिक्स, पण ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून तिथे निर्यातीचे जडावाचे दागिने बनू लागले. मेणाचा साचा एकाचा, ओतकाम दुसऱ्याचं, खडे बसवणं तिसऱ्याचं, झिलई चौथ्याची. कामाचे तुकडे पाडले की प्रत्येक तुकड्याचा दर ठरवता येतो. माझ्याकडे निवडण्यापासून गाठ मारण्यापर्यंत सगळं एकाच हाताचं, आणि मध्ये कुकरच्या शिट्ट्या मोजणं.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले. तिथला कवचाचा एक तुकडा सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यावर आडव्यातिडव्या रेघा कोरलेल्या आहेत. ते कवच साधं ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? तरी कोणीतरी दगडाच्या टोकाने बसून रेघा ओढल्या. त्या माणसाला शेजारणीने ऑर्डरींबद्दल विचारलं नसावं.

एक अपवाद मात्र करते. बारशाला दृष्टमण्यांच्या मनगट्या मागितल्या तर देते, फुकट. काळे मणी, मध्ये एखादा पांढरा, दुहेरी दोरा, गाठीवर गाठ. त्यांवर नक्षी अजिबात नाही. बाळ सगळं तोंडात घालतं आणि सुटलेला बारीक मणी घशात जायला वेळ लागत नाही. परवा एका आजींना हे समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं, मग नक्षीचं तिला मोठेपणी घालायला करून ठेव."

"आजी, मनगटाचं माप?"

"आमच्याकडच्या सगळ्यांची मनगटं जाडच असतात गं. सैल कर."