वाजले की थांबा

गाझियाबादला बदली होऊन आता वर्ष होत आले. या शहरात मेटल डिटेक्टरशी रोज गाठ पडते. वैशाली मेट्रो स्टेशनवर, मॉलच्या दारात, सिनेमागृहात आपण हात पसरून उभे राहतो, पट्ट्याचे बक्कल वाजते, शिपाई मान हलवतो आणि आपण पुढे जातो. त्या यंत्राकडे कोणी निरखून बघत नाही. आमच्या सोसायटीतला एक मराठी मुलगा मात्र बघतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मेटल डिटेक्टर हा त्याचा छंद. मी सॅपर, म्हणजे इंजिनिअर्सचा अधिकारी, हे कळल्यावर एका रविवारी तो वही घेऊनच घरी आला.

"काका, सैन्यातले डिटेक्टर किती वजनाचे असतात? मला एक किलोच्या आतला बनवायचाय. शिवाय सोनं आणि खिळा यातला फरक त्यानंच सांगायला हवा."

जगभरच्या छांदिष्टांच्या मागण्या याच आहेत. यंत्र हलके हवे, खोलवरचे ओळखणारे हवे आणि कचरा वगळणारे हवे. यातली पहिली मागणी मला मनापासून पटते. दोन तास यंत्र डावीकडून उजवीकडे फिरवले की खांदा भरून येतो, आणि दुखणारा हात घाई करतो. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी तयार केलेला सुरुंगशोधक १९४२ साली एल अलामेनच्या लढाईत वापरला गेला. त्याचे वजन होते सुमारे १४ किलो. आज छंदासाठीची चांगली यंत्रे एक-दीड किलोची आहेत. लिथियम बॅटरी, कार्बन फायबरचा दांडा, बिनतारी हेडफोन आणि एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारे सर्किट, यांनी ही किमया केली.

खोलीची गोष्ट वेगळी आहे. कॉइलमधून निघणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत प्रवाह निर्माण होतात आणि त्या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र यंत्र ऐकते. हे क्षेत्र जाताना अंतराच्या घनाच्या हिशेबाने कमी होते आणि परत येतानाही तसेच. त्यामुळे तेच नाणे दुप्पट खोल असेल, तर प्रतिसाद साधारण ६४ पटींनी कमी मिळतो. मोठी कॉइल लावून खोली थोडी वाढते, पण वजनही वाढते आणि बारीक वस्तू निसटतात. कित्येक फूट खोल पुरलेले नाणे दाखवू म्हणणाऱ्या विक्रेत्याला हा हिशेब जरूर विचारावा.

तिसऱ्या मागणीपाशी मात्र माझ्यातला सॅपर अडतो. छांदिष्टाला यंत्राने खिळा वगळायला हवा असतो. आम्हाला खिळा वगळणारे यंत्र चालत नाही. प्लास्टिकच्या सुरुंगात धातू अगदी नावापुरता असतो. म्हणूनच १९९६ च्या आंतरराष्ट्रीय करारात माणसांविरुद्धचा सुरुंग किमान ८ ग्रॅम लोखंडाइतका प्रतिसाद देणारा असावा, अशी अट घातली गेली. भारताने ती मान्य केली आहे. आठ ग्रॅम म्हणजे एखादा मोठा खिळाच. तो "कचरा" म्हणून सोडला, तर मागून येणाऱ्या जवानाचा पाय जातो.

२००३ साली नवा लेफ्टनंट म्हणून मी सीमेवर होतो. ऑपरेशन पराक्रममधले सैन्य परतले होते आणि पेरलेले सुरुंग काढणे चालू होते. जमीन शेतकऱ्यांची, आणि त्यांना पेरणीची घाई. पहिल्याच दिवशी माझ्या हातातले यंत्र वाजले आणि मी उत्साहाने वाकलो. मागून आमच्या सुभेदार साहेबांचा आवाज आला, "वाजलं की हलायचं नाही साहेब. आधी खूण करा." खूण करायची, मागे कळवायचे, मग पोटावर झोपून प्रॉडरने तिरके टोचत जायचे. त्या दिवशी निघाला नांगराच्या फाळाचा तुकडा. सुभेदार साहेब हसले नाहीत. त्यांनी पुढची जागा तितक्याच शांतपणे दाखवली. आमच्याच बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी ८ ते ११ एप्रिल १९४८ या काळात नौशेरा-राजौरी वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना रस्ता करून दिला आणि परमवीर चक्र मिळवले. त्यांच्या हाती आजची यंत्रे नव्हती. शिस्त हीच होती.

माझे मत त्या मुलाला मी सरळ सांगितले. आमच्याकडे यंत्र वाजले की थांबतात, छांदिष्टांकडे वाजले की खणतात. यंत्र जितके हलके, स्वस्त आणि हुशार होईल, तितका हा फरक महागात पडणार आहे.

हे याच शहरात घडून गेले आहे. सप्टेंबर २००४ मध्ये इथल्या साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातला जिवंत तोफगोळा फुटला आणि कामगार मरण पावले. भंगारात सगळाच धातू. यंत्र फार तर "लोखंड" म्हणेल, "जिवंत" असे कोणतेही यंत्र म्हणत नाही. फायरिंग रेंजच्या आसपास धातू वेचणारी गरीब माणसे याच कारणाने हातपाय आणि जीव गमावतात.

दुसरे नुकसान रक्त न सांडता होते. मार्च २०२५ मध्ये 'छावा' चित्रपटानंतर बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी लोक रात्री बॅटऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेते खणत होते. मोगलांची नाणी सापडतात, अशी आवई उठली होती. मराठ्यांनी १६८१ मध्ये त्याच बुऱ्हाणपुरावर छापा घातला होता. त्या मातीत खरोखर इतिहास असेल, तर तो फावड्याने विस्कटला गेला.

आपल्या दायमाबादचे उदाहरण आठवा. १९७४ साली प्रवरेकाठी झुडपाची मुळे खणताना एका गावकऱ्याला धातूचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. एकूण वजन ६० किलोंहून जास्त. त्याच्याकडे डिटेक्टर नव्हता आणि त्याचा दोषही नव्हता. पण त्या वस्तू मातीच्या नेमक्या कोणत्या थरात होत्या, शेजारी काय होते, याची नोंद राहिली नाही. म्हणून त्यांच्या काळाबद्दल तज्ज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. वस्तू मिळाली, पुरावा हरवला.

मग छंदावर बंदी घालावी का? मला तसे वाटत नाही. बंदीने छंद रात्री चालतो एवढेच. १८७८ च्या भूमिगत धन कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाचे धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. पण हे कायदे वस्तू सापडल्यानंतर बोलतात. डिटेक्टर हाती घेणाऱ्या पोराला आधी काय शिकवायचे, यावर ते गप्प आहेत.

ड्रोनच्या बाबतीत आपण मार्ग काढला. २०२१ च्या नियमावलीत वजनानुसार वर्ग पाडले, नोंदणी आली, कुठे उडवायचे आणि कुठे नाही हे ठरले. डिटेक्टरसाठी असेच व्हावे. विकत घेणाऱ्याला एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. किल्ले, संरक्षित स्थळे, छावण्या आणि फायरिंग रेंज पूर्ण वर्ज्य ठेवाव्यात. बाकी ठिकाणी जमीनमालकाची लेखी परवानगी लागावी आणि सापडलेल्या जुन्या वस्तूची जागेसकट नोंद करायला जिल्ह्यात एक माणूस असावा. इंग्लंडमध्ये १९९७ पासून अशी नोंद होते आणि आतापर्यंत १५ लाखांहून जास्त वस्तू तिच्यात आल्या आहेत. तिथेही चोर आहेत, पण प्रामाणिक छांदिष्टाला जायला दार आहे. आपल्याकडे ते नाही. निवृत्त सॅपर मंडळींनी हे शिकवण्याचे काम सहज करावे. खूण कशी करायची आणि हात कधी मागे घ्यायचा, हे आपल्याइतके कोणाला माहीत आहे?

मागच्या रविवारी सोसायटीच्या बागेत एका आजींच्या कानातले पडले. मुलगा आपले घरगुती यंत्र घेऊन आला. वजन सव्वा किलो, अजून त्याच्या मनासारखे नाही. आधी बाटलीचे बूच, मग तारेचा तुकडा, मग पुन्हा बूच. प्रत्येक आवाजाला तो थांबला, आईस्क्रीमची काडी रोवली, मला हाक मारली आणि मगच बोटाने माती बाजूला केली. तासाभराने अकराव्या काडीपाशी कानातले मिळाले.

"काका, हा अर्धा किलो हलका झाला ना, तर पाऊण तासात मिळालं असतं," तो खांदा चोळत म्हणाला.

कर की हलका, मी म्हणालो. काड्या मात्र जास्त आण.

जय हिंद.