पहिले सत्र आणि आपली बंद दारे

‘हल्लीची मुले काही वाचत नाहीत’ हे वाक्य दिल्लीतील मराठी बैठकींत इतक्या वेळा उच्चारले जाते, की त्याला आता ठरावाचे स्वरूप आले आहे. सूचक कोणी निवृत्त अवर सचिव असतात, अनुमोदक कोणी लेखाधिकारी. आणि विरोधी मत नोंदवावयास त्या वेळी एकही विद्यार्थी उपस्थित नसतो. तो उपस्थित का नसतो, हे मात्र कोणी विचारीत नाही. माझा वाद त्या वाक्याशी आहे, आणि त्याहून अधिक या न विचारलेल्या प्रश्नाशी.

आपल्यापैकी ज्यांचे केस पिकले आहेत, त्यांनी पदवी घेतली ती वार्षिक परीक्षेच्या काळात. जून-जुलैत महाविद्यालय उघडे आणि परीक्षा येई ती मार्च-एप्रिलात. मधले पहिले दोन महिने व्यवहारी दृष्टीने फुकट जात, आणि त्या फुकट जाण्यातच विद्यार्थी घडत असे. ग्रंथालयात भलत्याच कपाटापुढे उभे राहावे, हाती भलतेच पुस्तक लागावे, आणि संध्याकाळी खोलीवरच्या मित्राशी त्यावरून भांडावे, एवढी उसंत त्याला होती. दिल्ली विद्यापीठाने २०११ साली पदवीच्या सर्व वर्गांना सत्रपद्धती लागू केली. २०१३ मध्ये चार वर्षांचा अभ्यासक्रम आणला, २०१४ मध्ये तो मागे घेतला, आणि २०२२ पासून नव्या चौकटीत पुन्हा आणला. एखादी फाइल इतक्या वेळा खालीवर झाली असती, तर आपल्या कार्यालयात खुलासा मागविला गेला असता. असो.

या चौकटीत पहिल्या सत्राच्या मुलाला एकंदर सात विषय असतात: तीन मुख्य, एक अन्य शाखेतला, एक पर्यावरणाचा किंवा भाषेचा, एक कौशल्याचा आणि एक ‘मूल्यवर्धक’. मिळून बावीस श्रेयांक. शिकविण्यास आठवडे सुमारे पंधरा. त्यांतच चाचण्या, ट्यूटोरियलचे गुण आणि हजेरीचे गुण. शिवाय प्रवेश सीयूईटी या सामाईक परीक्षेवरून होऊ लागल्यापासून सत्राचा प्रारंभदिनही पंचांग पाहून काढल्यासारखा दरसाल वेगळा निघतो. २०२२ मध्ये पहिले सत्र २ नोव्हेंबरला सुरू झाले, २०२३ मध्ये १६ ऑगस्टला, २०२४ मध्ये २९ ऑगस्टला, २०२५ मध्ये १ ऑगस्टला. वर्ग सुरू झाल्यावरही प्रवेशाच्या फेऱ्या चालू राहतात. मागाहून आलेल्या मुलाची पहिली चाचणी त्याचे ग्रंथालयाचे कार्ड तयार होण्याआधीच येऊन ठेपते.

परभणीहून सचखंड एक्सप्रेसने निघालेला मुलगा नवी दिल्लीला उतरतो, तेथून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने विश्वविद्यालय स्थानकावर येतो. बहुसंख्य महाविद्यालयांना वसतिगृहच नाही. जेथे आहे तेथे जागा मोजक्या. म्हणून तो ट्रंक घेऊन कमलानगर, विजयनगर, हडसन लेन असा गल्ल्यागल्ल्यांतून हिंडतो. शेवटी एका खोलीला मध्ये प्लायवुडचा पडदा घालून केलेल्या दोन खोल्यांपैकी खिडकी नसलेली त्याच्या वाट्याला येते. अनामत आधी, विजेचा दर घरमालक सांगेल तो. सकाळी परोठा, रात्री राजमा. वरणभात मागितला तर मेसचा माणूस हसतो. वेळापत्रक व्हॉट्सॲपवर येते आणि रात्री अकराला बदलते. अन्य शाखेतला विषय निवडावयास रांगेत उभे राहावे, तर जागा भरलेल्या. भाषेच्या विषयात कागदावर आठव्या परिशिष्टातील भाषांना वाव आहे, पण वर्ग भरतो तो जिचा शिक्षक महाविद्यालयात असेल त्या भाषेचा. म्हणून मराठी मुलगा बहुधा हिंदी घेऊन मोकळा होतो. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. या मुलाला त्यातला पेढा पोचला नाही, आणि वर्गही.

तरीही तो वाचतो. नेमलेल्या लेखांच्या छायाप्रतींचा गठ्ठा घेऊन तो मेट्रोत उभ्याने वाचतो. या छायाप्रतींनाही आपण नाक मुरडतो. त्या गठ्ठ्यांपायी तीन बड्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठाला आणि तेथल्या एका छोट्या दुकानाला न्यायालयात खेचले होते, आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला, हे किती जणांना ठाऊक आहे? अध्यापनासाठी लागणाऱ्या प्रती काढू द्याव्यात, असा तो निकाल होता. न वाचणाऱ्या पिढीसाठी कोणी चार वर्षे खटला लढवीत नाही.

आता त्याच्या अनुपस्थितीकडे वळतो. माझ्या एका सहकाऱ्याच्या ओळखीतला एक मुलगा गेल्या काही वर्षांतच लातुराकडून येथे आला. बारावीला उत्तम गुण, विषय इतिहास, आणि तो त्याने स्वतः हट्टाने घेतलेला. सत्राच्या पाचव्या आठवड्यात त्याला कावीळ झाली. डॉक्टरांनी सांगितले, पाणी उकळून प्या, तेलतूप वर्ज्य करा, मऊ भात आणि ताक घ्या. जेथे तो पैसे भरून जेवत होता तेथे छोले आणि पुऱ्या होत्या. बारा दिवस तो त्या खिडकीविना खोलीत पडून होता, आणि घरी काळजी नको म्हणून फोनवर ‘बरा आहे’ सांगत होता. पुढे अशक्तपणा, मग दोन-तृतीयांश हजेरीचा नियम, मग हुकलेल्या दोन चाचण्या. ऑक्टोबराच्या अखेरीस वडील येऊन त्याला घेऊन गेले. आता तो तालुक्याच्या गावी एका दुकानात हिशेब लिहितो. त्याच्या गल्लीपासून तिमारपूरची सरकारी वसाहत दोन-तीन किलोमीटरांवर आहे. तेथे मराठी घरे आहेत, आणि मऊ भात कोणत्याही मराठी घरात अर्ध्या तासात होतो. पण ती घरे त्याला माहीत नव्हती, आणि तो त्या घरांना.

हे लिहिताना मी विद्यापीठाला मोकळे सोडत नाही. वसतिगृहाविना महाविद्यालय काढणे म्हणजे स्थानकाविना रेल्वे काढणे होय, आणि ते काम सरकारचेच आहे. परंतु सरकारचे काम सरकारने करीपर्यंत हात बांधून बसणे ही मराठी रीत नव्हती. पुण्यात माधुकरीवर आणि वार लावून शिकलेल्यांच्या कथा आपण कौतुकाने सांगतो. ती माधुकरी जातीच्या उंबऱ्याशी अडत असे, हे सांगावयास विसरतो. तो उंबरा ओलांडण्यासाठी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभारविली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातींची मुले एका पंगतीस बसविली. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती निघाली ती १९५५ साली. यांतल्या कोणीही मुले वाचतात की नाही याची आधी चौकशी केली नाही. आधी ती जेवली का, ते पाहिले.

आपण काय करतो? २०२५ च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन १९५४ नंतर प्रथमच दिल्लीत भरले, तेव्हा तालकटोऱ्यात आपण तीन दिवस गर्दी केली. गणेशोत्सव तर दरसाल आहेच. २०२४ मध्ये वर्ग उघडल्यापासून नवव्या दिवशी चतुर्थी होती. म्हणजे ज्या आठवड्यात मुलगा खोली शोधत होता, त्याच आठवड्यात आपण वर्गणीचा जमाखर्च मांडून वाद्यवृंद कोणता आणावा यावर मतदान घेत होतो. मंडपात खुर्च्या लावावयास मात्र विद्यार्थी आठवतात. त्यांना निरोप जातो, ते येतात, खुर्च्या लावतात. आणि पंगतीच्या वेळी आजीव सभासदांची पाने आधी मांडली जातात.

यावर मिळणारी उत्तरे मला पाठ आहेत. सरकारी निवासस्थानात पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई आहे, हे त्यांतले पहिले. मनाई आहे, आणि ती असावी. पण रविवारी एका मुलाला पान वाढणे हे पोटभाडे नव्हे, आणि कोणत्याही ज्ञापनाचा तसा अर्थ लावता येणार नाही. टिपणे लिहिण्यातच माझी नोकरी चालली आहे, एवढे तरी मी सांगू शकतो. दुसरे उत्तर, ‘आमचीच बदली केव्हा होईल सांगता येत नाही.’ खरे आहे. पण बदलीचे दुःख ज्याने सोसले त्यालाच नव्या गावातला पहिला महिना कळावा, की ज्याने सोसले नाही त्याला? तिसरे उत्तर बोलून दाखविले जात नाही. मुलगा कोणाचा, कोणत्या घरचा, हे आधी कळले पाहिजे, असे ते आहे. ते उत्तर शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यास निकालात निघाले आहे.

वर्गणी वाढवून नवी इमारत बांधावी, असे मी म्हणत नाही. इमारतीसाठी समिती लागते आणि समितीला कार्यवृत्त. माझी मागणी लहान आहे. सत्र उघडण्याच्या महिन्यात विद्यापीठाजवळच्या मराठी घरांची यादी हवी. त्या यादीत वार, दूरध्वनी आणि एखाद्या ओळखीच्या डॉक्टरचे नाव असावे; आणि ती मंडळाच्या फळ्यावर न लावता विश्वविद्यालय स्थानकाबाहेर उभे राहून मुलांच्या हाती द्यावी. वाराणसी, हैदराबाद, भोपाळ येथे जे वाचक आहेत त्यांच्याही गावी विद्यापीठे आहेत, आणि तेथील स्थानकांवरही ट्रंका उतरतात.

आमच्या विभागातील चौघांनी रविवार वाटून घेतले आहेत. माझ्याकडे महिन्यातला दुसरा आहे. पाचवा रविवार ज्या महिन्यात येतो त्यासाठी घर मिळालेले नाही, आणि बुधवार तर सगळेच मोकळे आहेत. ज्यांना नावे द्यावयाची असतील त्यांनी ती सत्र उघडण्यापूर्वी संपादकांकडे पाठवावीत. घरात कांदा-लसूण चालतो की नाही, तेही लिहावे. मुलांना काहीही चालते, पण गृहिणींची सोय पाहिली पाहिजे.