मुंबईत पोलिसांना 15 लाखांत घर, मग सावद्यातल्या सफाई कामगाराला काय?

मुंबईच्या बीडीडी चाळींमधल्या पोलीस कुटुंबांना 500 चौरस फुटांचं घर 15 लाखांत देण्याचा निर्णय राज्य सरकारने 2022 मध्ये घेतला. आधी किंमत 50 लाख सांगितली होती, मग 25 लाख झाली. जमीन सरकारचीच होती.

आता या जळगाव जिल्ह्यातल्या सावद्यात. इथे नगरपरिषद आहे, त्यामुळे प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 लागू होते. सफाई कामगार आणि अंगणवाडी सेविकांकडे विशेष लक्ष द्यावं, असं या योजनेतच म्हटलंय.

मिळतं काय?

• स्वतःची जागा असेल, तर गरीब कुटुंबाला बांधकामासाठी 2.5 लाखांपर्यंत अनुदान.
• गृहकर्ज घेतलं, तर व्याजावर 1.80 लाखांपर्यंत सवलत. त्यासाठी वार्षिक उत्पन्न 9 लाखांच्या आत, घराची किंमत 35 लाखांच्या आत हवी.
• अट: कुटुंबात कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको.

अडतं कुठे?

भाड्याने राहणाऱ्या कंत्राटी सफाई कामगाराच्या नावावर जागा नसते. मानधनावरच्या सेविकेला बँक सहज कर्ज देत नाही. म्हणजे यादीत नाव असूनही दोन्ही दारं बंद.

तिसरा मार्ग आहे: पालिकेने जमीन काढून परवडणाऱ्या घरांचा प्रकल्प उभारणं. त्यामुळे नगरसेवकाला विचारायचा पहिला प्रश्न 'अनुदान किती?' हा नाही. 'जागा कुठे देणार?' हा आहे.