कॅप्सूल आपल्याला, लिग्नन गायीला!

सध्या ऑफिसात जवस एकदम ‘इन’ आहे. कुणाच्या ड्रॉवरमध्ये ‘फ्लॅक्ससीड’चं पाकीट, तर कुणाच्या पर्समध्ये जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल. आमच्या यवतमाळकडे याची चटणी भाकरीबरोबर खातात आणि कुणी त्याला हेल्थ फूड वगैरे म्हणत नाही. आता लोक मला विचारतात, जवसातल्या त्या फेमस लिग्नन्ससाठी कॅप्सूल घ्यायची की चटणी खायची? उत्तर जवसाच्या रोपट्यानं आधीच देऊन ठेवलंय.

फंडा असा. लिग्नन तयार करताना रोपटं कोनिफेरिल अल्कोहोलचे दोन रेणू जोडतं. ते कुठल्या बाजूनं जुळायचे, हे ‘डिरिजंट’ प्रथिन ठरवतं. त्याचा शोध १९९७ साली अमेरिकेत लागला. या जोडीतून बनतं पिनोरेसिनॉल. इथपर्यंत तीळ आणि जवस एकाच रस्त्यावर. मग फाटा फुटतो.

तिळातलं एन्झाइम पिनोरेसिनॉलच्या दोन्ही टोकांना एकेक छोटं कडं बसवतं. जपानी संशोधकांनी ते २००६ मध्ये ओळखलं. झालं सेसमिन! हे तेलात विरघळतं, त्यामुळे घाण्यातून तेलाबरोबरच बाहेर पडतं.

जवसाचा कारभार वेगळा. तिथे एक एन्झाइम रेणूच्या मधली दोन कडी एकामागून एक उघडतं आणि दुसरं त्यावर साखरेचे दोन रेणू चिकटवतं. साखर चिकटली की तेलाशी कट्टी! हे लिग्नन बीच्या सालीतच बसून राहतं. साखर चिकटवणाऱ्या एन्झाइमांचं खानदानही मोठं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये जवसात अशी १३७ जनुकं नोंदवली.

आता हिशेब करा. जवसाचं तेल काढलं की लिग्नन जातं ढेपेत आणि ढेप जाते गायीपुढे. गाय खूश, आपण बिल भरून मोकळे! तेलात ओमेगा-३ भरपूर असतं. त्यासाठी कॅप्सूल घेत असाल तर हरकत नाही, पण लिग्ननसाठी अख्खं बी हवं. तेही कुटलेलं, कारण न चावता गिळलेलं जवस जसंच्या तसं बाहेर पडतं. कुटून खाल्लं की पुढचं काम आतड्यातले जिवाणू बघतात. ते साखर तोडतात आणि लिग्ननचं रूपांतर शरीरात शोषलं जाईल अशा रेणूत करतात. जवस म्हणजे औषध नव्हे, पण डब्यात चमचाभर चटणी असायला काय हरकत आहे?

आमच्या जिल्ह्यात कापूस आणि सोयाबीनच्या गर्दीत रब्बीला जवस पेरणारे थोडेच उरलेत. गावाकडे कुणी पेरत असेल, तर पुढच्या ट्रिपला किलोभर बांधून आणा. मिक्सर तुमच्याकडे आहेच!