न्हाणीघराचा उंबरठा

परांचीवरून पडून मणक्याला इजा झालेला बांधकाम मजूर रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा कागदोपत्री त्याचे उपचार संपलेले असतात. त्याची खरी लढाई मात्र त्या दिवशी सुरू होते आणि तिचे रणांगण असते घरातलेच न्हाणीघर. ज्याने शेकडो घरांत फरशा बसविल्या, त्याला स्वतःच्या मोरीचा उंबरठा ओलांडता येत नाही. हा दैवदुर्विलास नव्हे. संपत्ती निर्माण करणारा आणि तिचा उपभोग घेणारा यांच्यातील अंतराचा तो रोकडा पुरावा आहे.

हे अंतर फूटपट्टीने मोजता येते. चाकाच्या खुर्चीला आत शिरण्यास सुमारे ९० सेंटीमीटर रुंदीचे दार लागते आणि वळण्यास दीड मीटर व्यासाची मोकळी जागा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार न्हाणीघराची किमान रुंदी १.२ मीटर आणि शौचकूपाची ०.९ मीटर आहे. ज्या श्रमजीवी कुटुंबाच्या वाट्याला केवळ हे किमानच येते, त्याच्या घरात खुर्ची वळणे अशक्य ठरते. गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास असलेल्या चाळीत तर मोजमाप घेण्याचेही कारण उरत नाही.

परिणाम काय होतो? पक्षाघात झालेला माणूस पाणी पिणे कमी करतो; कारण पाण्याच्या प्रत्येक पेल्यामागे कोणाला तरी त्याला उचलावे लागते. त्यातून मूत्रमार्गाचे विकार जडतात. उचलणारी व्यक्ती बहुधा पत्नी, आई किंवा मुलगी असते. तिची मजुरी बुडते, शाळा सुटते, कंबर कायमची धरते. समाज तिच्या सेवाभावाचे गोडवे गातो आणि त्या कौतुकाआड शासनाची जबाबदारी अलगद लपून जाते.

वस्तुतः उपाय साधे आहेत. उंबरठा काढून टाकावा. दार बाहेर उघडणारे असावे, म्हणजे आत कोणी पडल्यास ते अडत नाही. शौचकूप व न्हाणीघर यांमधील आडभिंत पाडल्यास खुर्चीला जागा मिळू शकते. उकिडवे बसण्याच्या भांड्याऐवजी खुर्चीच्या उंचीचा कमोड, बसून अंघोळ करता येईल असा हातातला फवारा, न घसरणारी फरशी आणि भिंतीत पक्के रोवलेले दांडे असावेत. अर्धांगवायू असल्यास हे दांडे शाबूत हाताच्या बाजूला हवेत. संवेदना गेलेल्या अंगाला कढत पाण्याचा चटका कळत नाही. म्हणून पाणी आधी धड हाताने पाहावे. हे सारे गवंडी व नळकारागीर यांच्या काही दिवसांच्या कामात होते. पण ज्या घरातील कमावता हातच थांबला आहे, त्याने तो खर्च कोठून करावा?

तो समाजाने करावा, हे उत्तर स्वप्नाळू नाही. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे खासदार आल्फ मॉरिस यांनी खासगी विधेयक मांडून १९७० मध्ये कायदा करवून घेतला आणि अपंगांच्या घरांतील आवश्यक फेरबदलांना साहाय्य करणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. तेथील १९९६ च्या कायद्यानुसार इंग्लंडमध्ये अशा कामासाठी कमाल ३०,००० पौंडांचे अनुदान मिळू शकते. प्रौढांचे उत्पन्न तपासले जाते, प्रतीक्षाही करावी लागते. तरीही शौचालयापर्यंत पोहोचणे हा तेथे हक्क आहे, भूतदया नव्हे.

भारतात १९९६ मध्येच बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चावर उपकर बसविणारा कायदा झाला. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने घरवाटपात पाच टक्के राखीव जागांची तरतूद केली. परंतु वाटप झालेल्या घरात न्हाणीघराचे दारच अरुंद असेल, तर हक्क कागदावर पुरा होतो आणि माणूस दाराबाहेर राहतो.

‘लाखो लोक बेघर असताना या सोयी कशाला?’ असा प्रश्न विचारला जाईल. तो फसवा आहे. बांधतानाच दार रुंद ठेवणे हे मागाहून भिंत फोडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त असते. म्हणून सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक घराचे न्हाणीघर पुढे बदलता येईल असेच बांधले जावे; जुन्या घरांतील फेरबदलांचा खर्च नगरपालिका व ग्रामपंचायतींनी उचलावा; जखमी बांधकाम कामगारांसाठी तो उपकराच्या निधीतून व्हावा; आणि भाड्याच्या घरात मालकाला असा फेरबदल नाकारता येऊ नये.

या मागण्यांसाठी कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत घरोघर जाऊन दारांची मापे घ्यावीत, अडलेल्या माणसांची नोंद करावी आणि ती यादी घेऊन पालिकेच्या दारात उभे राहावे. माणसाला कोणाच्याही कुशीवर न लादता स्नान करता येणे ही चैन नाही. ती प्रतिष्ठा आहे आणि तिच्यासाठीच समाजवाद हवा आहे.